दोन उतरलेले सूर

शेंतेशचा मळा,
२० सप्टेंबर १९६४

विंत्सेदादा,

नाताळ लांब आहे आणि तरी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. आप्पांना वसंतात झटका आला ते मी तेव्हाच कळवलं होतं. उजवं अंग गेलं ते परत आलं नाही, बोलणंही जवळजवळ गेलं. 'पाणी', 'नको' आणि एक शिवी, एवढंच शिल्लक आहे. शिवी मात्र अगदी स्वच्छ येते. डावा हात धडधाकट आहे. त्याने चमचा धरतात आणि मांजरीला ढकलतात.

घरात आवाजच उरला नाही रे. दिवसभर मी सहकारी शेतावर मिरच्या निवडते, संध्याकाळी परतते तर ते खिडकीशी जसे सकाळी बसवले होते तसेच. परवा मला काय वाटलं कोण जाणे, भिंतीवरचा आप्पांचा तेकेरो खाली काढला, तारांवर धूळ आणि चाकावर जाळी. तू गेल्यानंतर ते तो घेऊन कुणाच्या लग्नात वाजवायला गेले नाहीत, हे तुला ठाऊक नसेल. मिंद्सेंतचा क्लॅरिनेटवाला तुझ्या जागी जोडीने वाजवायला दोनदा आला, दोन्ही वेळा भांडून परत गेला. मग कुणी बोलावलंच नाही आणि वाद्य भिंतीवर गेलं.

तर मी मांडीवर घेतला, उजव्या हाताने चाक फिरवलं, डाव्याने पट्ट्या दाबल्या. डुक्कर कापताना ओरडतं तसा आवाज आला. कुंपणापलीकडून बोझीकाकू म्हणाली, "एतेल्का, अजून थंडी पडली नाही, आत्ताच कशाला कापतेस?"

तुला त्यांनी सगळं शिकवलं. मला चाकाला हातसुद्धा लावू दिला नाही. 'पोरीच वाजवायला बसल्या तर नाचायचं कुणी?' म्हणायचे. आता तूच सांग, हा सुरात कसा आणायचा? मला दुसरं काही नको. त्यांच्या कानावर एक गाणं धड पडू दे, एवढंच वाटतं.

तुझी,
एतेल्का

•

लिंत्स,
११ ऑक्टोबर १९६४

एतेल,

तू आणि तेकेरो! आप्पांची उरलेली ती एक शिवी तुलाच मिळाली असणार.

खुंट्या पिळत बसू नकोस. आधी चाक बघ. त्याच्यावर जुनी राळ साचून काळी झाली असेल. ती कोरड्या फडक्याने पूस, मग चाक फिरवत नवी राळ अगदी हलक्या हाताने लाव. जास्त लावलीस तर किंचाळेल. मग तारा. जिथे तार चाकाला टेकते तिथला कापूस काढून टाक आणि नवा गुंडाळ. पातळ, इतका पातळ की खालची तार दिसली पाहिजे. कापूस कमी झाला की तार खरवडते, जाड झाला की आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. आप्पा कापूस दातात धरून ओढायचे आणि ओला बोटाने पिळायचे, आठवतं? आई ओरडायची.

तरीही किंचाळत असेल तर घोडीच्या खाचेत तारेखाली कागदाचा छोटा तुकडा घाल, म्हणजे तार चाकावर कमी दाबली जाईल. सिगारेटचा कागद चांगला. गाण्याच्या दोन्ही तारा आधी एकमेकींशी जुळव, मग खर्जाची, आणि ती खरखरती तार सगळ्यात शेवटी. घाई करू नकोस. वाद्य चुलीजवळ ठेवू नकोस.

मी ठीक आहे. कारखान्यात बूट, रविवारी कारखान्याचा बँड. इथे आमच्यातला एक जण वसंतात कॅनडाला चाललाय. त्याच्या काकाची लाकडाची वखार आहे, मलाही चल म्हणतो. मार्चमध्ये बोट आहे. तिथून मग कसलं येणं आणि कसलं जाणं.

एक विचारायचं होतं. छप्पन्नच्या उठावानंतर सरहद्द ओलांडून पळालेल्या आमच्यासारख्यांना आता घरी येऊन जाता येतं म्हणतात, काही जण येऊनही गेले. आप्पा कधी माझं नाव काढतात का? झटक्याच्या आधी काढायचे का? खरं सांग. मी दारात उभा राहिलो तर ते तोंड फिरवतील का, एवढंच मला कळायला हवंय. त्याच्यावरच सगळं ठरवणार आहे.

तुझा,
विंत्से

•

मळा,
१५ नोव्हेंबर १९६४

दादा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कापूस मीही दातात धरून ओढला आणि अर्धा गिळला. राळेने बोटं इतकी चिकटली की दुसऱ्या दिवशी मिरच्या हातातून सुटेनात. पण ऐक, तिसऱ्या खेपेला कापूस बसला आणि खर्जाची तार अशी काही घुमली की झोपलेली मांजर उठून बसली. अंगणात उन्हं होती, आप्पा खिडकीशी होते. त्यांनी मान वळवली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपणहून मान वळवली रे.

आता मी रोज बसते. दोन गाणी जमतात, तीही अडखळत. बोझीकाकू आता कुंपणाशी स्टूल घेऊन बसते. काल म्हणाली, "आता डुक्कर नाही वाटत. आता आजारी बकरी वाटते." ही प्रगतीच म्हणायची.

पण काही सूर अजून खोटे लागतात. मोकळी तार बरोबर, शेजारच्या पट्ट्या बरोबर, आणि मध्येच एखादी अशी उतरते की गाणं पाय घसरून पडतं. कापूस बदलून पाहिला, कागद घालून पाहिला, काढूनही पाहिला. थंडीने असेल का? शाळेच्या मास्तरांची सुराची शिट्टी आणून ताडून पाहिलं, तर खरंच उतरलेले आहेत, माझे कान नव्हेत. पट्ट्यांच्या पेटीचं झाकण उघडून आत बघायला गेले तर आप्पांनी डाव्या हाताने माझ्या मनगटावर फटका मारला. जोरात. अजून पोरीने हात लावलेला चालत नाही म्हणायचा.

कॅनडात फार थंडी असते असं ऐकते.

तुझी,
एतेल

•

लिंत्स,
२ डिसेंबर १९६४

एतेल,

मी विचारलं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. न देणं हेही उत्तरच असतं, मला कळलं. पुन्हा विचारणार नाही.

तुझ्या सुरांचं म्हणशील तर सोपं आहे. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीवर लाकडाच्या दोन छोट्या जिभा उभ्या असतात, एकेका तारेसाठी एकेक. पट्टी दाबली की त्या तारेला जाऊन टेकतात आणि सूर निघतो. जीभ चाकाच्या बाजूला किंचित वळवली की सूर चढतो, खुंट्यांच्या बाजूला वळवली की उतरतो. वाजवणारा त्या गरजेप्रमाणे वळवत असतो. म्हणून त्या नुसत्या खोचलेल्या असतात, घट्ट पण हलतील अशा. छोट्या पकडीने धर, केसभर वळव, ऐक, पुन्हा केसभर. बस्स. आप्पा झोपले असतील तेव्हा कर.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते मला समोर बसवून हेच करायचे. मी क्लॅरिनेटवर एक सूर धरायचा, ते जीभ वळवत वळवत माझ्या सुरापाशी यायचे. माझं क्लॅरिनेट तुला आठवतं ना, मी लहानपणी अंगणातल्या बर्फावर पाडलं होतं आणि भोकापाशी चीर गेली होती? आप्पांनी सरस भरून चीर बुजवली, भोक थोडं बारीक झालं, आणि तिथला सूर कायमचा उतरला. मी रडत होतो, आता कुणी मला लग्नाला घेणार नाही म्हणून. ते म्हणाले, "तुला वर येता येत नाही ना? मग मी खाली येतो." लग्न झालं की दुसऱ्या दिवशी जिभा परत सरळ करायचे, कारण उतरलेल्या जिभांनी दुसऱ्या कुणाबरोबर वाजवता येत नाही.

आता ते दुखणंही गेलं. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका कारागिराकडून मी भोक कोरून घेतलं. बँडमास्तर खूष आहे. माझा सूर आता इतरांइतकाच चांगला लागतो.

कॅनडावाल्याला मी हो म्हणून टाकलंय. नाताळाच्या शुभेच्छा. आप्पांना माझ्याकडून काही सांगू नकोस.

विंत्से

•

मळा,
६ जानेवारी १९६५

दादा,

तू रागावलास. रागव. पण आता खरं सांगते, कारण तू समुद्रापलीकडे गेल्यावर खरं सांगून उपयोग नाही.

तू गेल्यापासून आप्पांनी तुझं नाव एकदाही काढलं नाही. मी काढलं की उठून गोठ्यात जायचे. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचायची, ते बुटाची नाडी बांधत बसायचे, सोडायचे आणि परत बांधायचे. हे मी तुला कोणत्या तोंडाने लिहू? लिहिलं असतं तर तू आला नसतास, आणि 'काढतात' असं खोटं लिहून तुला बोलावलं असतं आणि त्यांनी तोंड फिरवलं असतं, तर? म्हणून थंडीबद्दल लिहिलं. मला तू हवा आहेस दादा. मला कंटाळा आलाय एकटीने त्यांना उठवण्याचा आणि बसवण्याचा आणि संध्याकाळी कुणाशी न बोलण्याचा. हे एकदा लिहून टाकलं, बरं वाटलं.

आता वाद्याचं. आप्पा झोपले होते तेव्हा पेटी उघडली. बाकी सगळ्या जिभा तू म्हणतोस तशा हलतात. खोटे सूर फक्त दोन पट्ट्यांचे आहेत. एक खालच्या बाजूची, दुसरी थेट वर, खालचीपासून खूप लांब. दोघींच्या मिळून चार जिभा, चारही खुंट्यांच्या बाजूला तिरक्या, आणि हलत नाहीत. मी पकडीने जोर लावला तर लाकूड करकरलं. दिव्यापाशी नेऊन पाहिलं तर बुडाशी सरस आहे. पिवळा, जुना, व्यवस्थित पुसून घेतलेला. जिभा कुणी चिकटवतं का? तूच म्हणालास त्या हलत्या पाहिजेत म्हणून. कुठल्या तरी अर्धवट दुरुस्तीवाल्याने हे करून ठेवलंय.

मी ठरवलंय, गरम पाण्याचं फडकं लावून सरस मऊ करायचा, चाकूच्या टोकाने जिभा सोडवायच्या आणि सरळ करायच्या. मास्तर चांगला चाकू देणार आहेत. शेतावरून एक दिवसाची सुट्टी मिळाली की लगेच करते. तू जाण्याआधी निदान एवढं तरी कळवू शकेन की वाद्य सुरात आलं.

एतेल

•

तार
लिंत्स, १५ जानेवारी १९६५

जिभांना हात लावू नकोस. सरस तसाच ठेव. पत्र येत आहे. विंत्से

•

लिंत्स,
१५ जानेवारी १९६५

एतेल,

तार पोचली असेल तर बरं. उशिरा पोचली असेल तर मला सांगू नकोस.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. त्या दोन पट्ट्यांवर दोनदा वाचलं. मग मी कारखान्यातून तसाच पोस्टात गेलो, डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती.

ऐक. हवेने सूर उतरले तर सगळे उतरतात. कापसाने बिघडले तर सगळी तार बिघडते. एकमेकींपासून इतक्या लांबच्या दोनच पट्ट्या उतरतात, असं तेकेरोत आपोआप कधीही होत नाही. पण क्लॅरिनेटमध्ये होतं. क्लॅरिनेटचं एक भोक बिघडलं की दोन सूर बिघडतात, एक खालचा आणि एक खूप वरचा, कारण तेच भोक दोन्हीकडे लागतं. ते दोन सूर माझे आहेत, एतेल. बर्फावर पडलेल्या क्लॅरिनेटचे.

मी निघालो तो शुक्रवार होता. शनिवारी लग्न होतं, नाताळाआधीचा उपास लागायच्या आतलं शेवटचं. गुरुवारी संध्याकाळी आप्पांनी मला समोर बसवून जिभा वळवल्या होत्या. म्हणजे मी सरहद्दीकडे चालत होतो तेव्हा तेकेरो माझ्या सुराला लावून तयार होता. लग्न झालं असेल, नसेल, मला माहीत नाही. मी धरून चाललो होतो की दुसऱ्या दिवशी त्यांनी जिभा सरळ केल्या असतील, नेहमीप्रमाणे.

त्यांनी केल्या नाहीत. कधीतरी हलू नयेत म्हणून चिकटवूनही टाकल्या. मिंद्सेंतवाला का भांडला ते आता कळतंय. तो म्हणाला असेल, म्हाताऱ्या, हे दोन सूर सरळ कर. आणि आप्पा नाही म्हणाले असतील. सगळ्या लग्नांवर पाणी सोडलं, पण जिभा सरळ केल्या नाहीत. माझं नाव तोंडातून काढता येत नव्हतं म्हणून त्यांनी ते तिथे चिकटवून ठेवलं. तुला मनगटावर फटका मारला तो तू पोरगी म्हणून नव्हे गं.

आणि मी काय केलं? भोक कोरून घेतलं. इतरांसारखा लागायला लागलो.

तू काही सोडवलं नसशील तर मला दोनच ओळी लिही.

विंत्से

•

मळा,
३० जानेवारी १९६५

विंत्सेदादा,

नाही सोडवलं. फडकं गरम करून झालं होतं, चाकू हातात होता, तेवढ्यात पोस्टमन सायकलवरून ओरडत आला. तार त्याने आधीच वाचली होती. "एतेल्का, तुझा भाऊ कुणाच्या जिभांबद्दल म्हणतोय?" म्हणून विचारत होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक झालं की परदेशात विंत्सेचं डोकं फिरलं.

मग तुझं पत्र आलं. आप्पांना खिडकीशी बसवलं आणि सगळं वाचून दाखवलं, 'मी खाली येतो' हे तुझ्या आधीच्या पत्रातलंसुद्धा. ते बुटाची नाडी शोधत होते, पण एका हाताने बांधता येत नाही ना आता. मग हात तसाच मांडीवर राहिला. मी विचारलं, "आप्पा, हे खरं आहे का?" ते रडायला लागले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. बोझीकाकू पोगाच्याचे गरम खारे पाव घेऊन आली होती, ती ताट ठेवून परत गेली. बकरीची थट्टासुद्धा केली नाही, यावरून काय ते समज.

मग मी तेकेरो आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. चाक फिरवायला उजवा हात लागतो, तो त्यांना नाही. पट्ट्यांना डावा लागतो, तो आहे. मी त्यांच्या अंगाला टेकून बसले आणि चाक मी फिरवलं. त्यांची बोटं पट्ट्यांवर गेली. दादा, बोटं काहीच विसरलेली नाहीत. मी चाक जरा जोरात फिरवलं तर ती शिवी मिळाली.

तुमचं ते नवरीच्या पाठवणीचं गाणं वाजवलं. मध्ये एका जागी ते थांबले. मला वाटलं दमले. खर्जाची तार घुमतेय, मी चाक फिरवतेय, आणि ते दाराकडे बघत थांबलेत. मग पुढचं वाजवलं, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं, तिथे क्लॅरिनेट येतं. ते तुझ्यासाठी जागा सोडत होते.

आता रोज संध्याकाळी वाजवतो. रोज ते तिथे थांबतात आणि मी चाक फिरवत राहते. माझा हात दुखतो, पण थांबवत नाही, कारण मी थांबले तर त्यांना वाटेल तू येणार नाहीस.

परवा मी विचारलं, "दादाला काय लिहू?" खूप वेळ तोंड हलवत राहिले. मग म्हणाले, "पाणी." मी पाणी आणलं तर ग्लास ढकलून दिला आणि पुन्हा दाराकडे बोट केलं. त्यांच्याकडे शब्दच तीन आहेत रे. त्यांनी 'नको' वापरला नाही, एवढं मी तुला सांगू शकते.

ये.

एतेल

•

लिंत्स,
१४ फेब्रुवारी १९६५

एतेल,

कॅनडावाला एकटाच जातोय. मला मूर्ख म्हणाला आणि स्वतःचा गरम कोट मला देऊन टाकला.

तुला तार केली त्याच दिवशी अर्ज केला होता, घरी येण्याची परवानगी हातात आली आहे. कार्निव्हल संपून उपास लागायच्या आत मी घरी असेन. शेंतेशला गाडीवर कुणाला पाठवू नकोस, मी चालत येईन. ती वाट मला उलट्या बाजूने चालायची आहे. आप्पांची दाढी कर. आणि बोझीकाकूला सांग, या वर्षीची पहिली मिरची लावलेली सॉसेज माझ्यासाठी टांगून ठेव.

गेल्या रविवारी मी मेणबत्ती पेटवली, मेण वितळवलं आणि काडीने त्या कोरलेल्या भोकाच्या कडेला लावत बसलो. थोडं लावायचं, फुंकायचं, ऐकायचं, पुन्हा थोडं. बराच वेळ लागला. तेकेरो समोर नव्हता, आप्पा समोर नव्हते, नुसत्या आठवणीने लावायचं होतं. शेवटी तो लागला. दोन्ही लागले, खालचा आणि वरचा. बरोबर तेवढेच उतरलेले.

काल बँडच्या तालमीत तसंच वाजवलं. बँडमास्तरने काठी आपटून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "विंत्से, तुझा सूर उतरलाय."

मी म्हटलं, "हो साहेब. घरी जायचंय."

विंत्से